आजीची पाटली, दोन अंगठ्या आणि सोनाराचा हिशेब

वसईहून एका मुलीचं पत्र आलंय. ती लिहिते:

"ताई, जानेवारीत माझं लग्न आहे, आमच्याच गावच्या चर्चमध्ये. दोन अंगठ्या करायच्यात. साध्या, खड्याशिवाय, आयुष्यभर बोटात राहतील अशा. दोन्ही मिळून सत्तर हजारांच्या वर जायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. मी रुग्णालयात नर्स आहे, तो गॅरेजमध्ये मेकॅनिक. मावशी म्हणते, बावीस कॅरेटच घ्या, अठरा म्हणजे फसवणूक. त्याचे मित्र म्हणतात, प्लॅटिनम घ्या, सोन्याच्या निम्म्या भावात मिळतं. एका दुकानातून अंदाज काढून आणला, त्यावर मेकिंग १४ टक्के आणि वेस्टेज ४ टक्के असं वेगवेगळं लिहिलंय. हे कशाचे पैसे, ते विचारायचा धीर झाला नाही. त्यात आईने आजीची एक पाटली पुढे केलीय, अकरा ग्रॅम भरते. म्हणते, ही मोडा. मला ती मोडवत नाही. काय करू?"

प्रिय मुली,

आधी उत्तर सांगते. दोघांनाही १८ कॅरेटचं पिवळं सोनं. पाटलीचं काय करायचं ते शेवटी बोलू, कारण तो प्रश्न पैशांचा नाही. ज्या प्रश्नाला तू पत्रात शेवटची जागा दिलीस, तोच मला सगळ्यात मोठा वाटला.

अठराच का, ते सांगायला तुमच्या दोघांच्या हातांपासून सुरुवात करावी लागेल. मी सोनाराच्या घरात वाढले. अंगठी करायला कुणी आलं की वडील आधी समोरच्याचे हात बघायचे. शेतकरी आहे, मास्तर आहे, की धुणीभांडी करणारी बाई आहे, ते बघूनच अंगठी किती जाड करायची ते ठरायचं. पाटल्या, तोडे, चपलाहार कपाटात राहतात, सणावाराला बाहेर येतात. अंगठी मात्र भांडी घासते, बसचा दांडा धरते, कुलूप उघडते. म्हणून दागिन्याचा नियम अंगठीला लावू नये.

तुझे हात दिवसातून वीस-तीस वेळा धुतले जातात, त्यावर सॅनिटायझर चोळला जातो, हातमोजे चढतात आणि उतरतात. म्हणजे खडा नको, नक्षी नको, टोकदार कड नको. हे तूच ठरवलंयस आणि अगदी बरोबर ठरवलंयस. ऑपरेशन थिएटरला ड्युटी लागली तर साधी अंगठीसुद्धा काढून ठेवावी लागेल, तेव्हा ती सांध्यावरून सहज निघेल अशीच हवी. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, कारण त्याला तुझं काम माहीत नाही. फरशी आणि उपकरणं पुसायला तुमच्याकडे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. त्यातला क्लोरीन शुद्ध सोन्याला फारसं काही करत नाही, पण सोन्यात मिसळलेल्या इतर धातूंना तो खातो. मिसळ जितकी जास्त, तितका धोका जास्त. म्हणून ९ किंवा १४ कॅरेट स्वस्त पडलं तरी तुझ्या बोटासाठी मी ते सुचवणार नाही. आणि वॉर्डात कुठे जुना पाऱ्याचा थर्मामीटर किंवा रक्तदाबाचं जुनं यंत्र उरलं असेल, तर ते फुटलेलं उचलताना अंगठी आधी काढ. पारा सोन्यावर क्षणात चढतो आणि तिथे पांढरा डाग पडतो. असा डाग पडलाच, तर सोनाराला पाऱ्याचा आहे हे आधी सांग. ते माहीत नसताना त्याने अंगठी भट्टीत धरली तर पाऱ्याची विषारी वाफ त्याच्या नाकात जाते.

व्हाइट गोल्ड तुला कुणी सुचवलं नाही, पण दुकानात गेलीस की सुचवतील. ते मुळात पूर्ण पांढरं नसतं. सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम घालून रंग फिका करतात आणि वरून ऱ्होडियमचा मुलामा चढवतात. रोज हात धुणाऱ्याच्या बोटावर तो मुलामा उडतो, आतला पिवळसर रंग दिसायला लागतो आणि दर थोड्या वर्षांनी पुन्हा मुलामा द्यावा लागतो. खोट्या दागिन्यांनी तुझे कान कधी चिघळले असतील, तर ते बहुधा निकेलमुळे. तसं असेल तर हा विषय इथेच मिटव.

आता त्याच्या हाताबद्दल. हे पत्र त्यालाही वाचायला दे. गॅरेजमध्ये काम करताना अंगठी बोटात नको, कुठल्याच धातूची. हाताखालचा पाना बॅटरीच्या टोकाला आणि अंगठी गाडीच्या पत्र्याला एकाच वेळी लागली की सगळा प्रवाह अंगठीतून जातो. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून माणूस गाफील राहतो, पण अंगठी क्षणात तापून लाल होते आणि बोट भोवतीने भाजतं. दुसरा धोका अडकण्याचा. फिरत्या पट्ट्यात किंवा पत्र्याच्या कडेत अंगठी अडकली आणि हात ओढला गेला तर कातडी सोलून निघते, बोटही जातं. तू नर्स आहेस, असं बोट कधी पाहिलंच असशील. त्याने गॅरेजच्या दारात अंगठी काढावी आणि गळ्यातल्या साखळीत ओवावी. कामावरही काही बोटात हवंच असेल तर सिलिकॉनचं कडं मिळतं, चार पैशांचं. ते ताण पडला की तुटतं, आणि तुटावं म्हणूनच केलेलं असतं.

मेकॅनिकला टंगस्टन किंवा टायटॅनियम घे, असं इंटरनेटवर बरेच जण सांगतात. टंगस्टन कार्बाइड अतिशय कठीण असतं, ओरखडा पडत नाही, हे खरं. पण फरशीवर जोरात आपटलं तर ते काचेसारखं फुटतं. माप वाढवता किंवा कमी करता येत नाही. मोडीत काही येत नाही. टायटॅनियम हलकं असतं, त्वचेला त्रास देत नाही, स्वस्तही आहे, पण तेही आपल्याकडचा सोनार हातात धरत नाही. चाळीस वर्षांत त्याचं बोट जाड होणार, बारीक होणार. माप बदलता येत नाही ती अंगठी शेवटी डब्यात जाते.

मावशीचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते दुसऱ्या वस्तूबद्दल आहे. त्यांच्या पिढीत सोनं म्हणजे अडीनडीचा पैसा. मंगळसूत्र, बांगड्या, गळ्यातलं, सगळं बावीसचं, आणि गुरुपुष्यामृताला घेतलेलं वेढं तर चोवीसचं. तिथे बावीस बरोबरच आहे. पण बावीस कॅरेट मऊ असतं. माझी स्वतःची लग्नातली अंगठी बावीसची, वडिलांनी केलेली. पंचवीस वर्षांत ती अंडाकृती झाली, तळहाताकडची बाजू झिजून पातळ झाली आणि दोनदा डाक, म्हणजे धातूचा सांधा, लावावा लागला. वडिलांच्या घडणीत खोट नव्हती, सोनंच तसं आहे. अठरात चार भागांतले तीन भाग सोनं आणि एक भाग तांबं-चांदी असते. त्यामुळे ते कणखर होतं, आणि रंगही पिवळाच राहतो, फार तर किंचित फिका. अठराचं म्हणून अठराच्या भावाने विकलं तर त्यात फसवणूक काहीच नाही. अठराचं बावीसच्या भावाने विकलं की फसवणूक होते, आणि हॉलमार्क त्यासाठीच असतो. तोळा म्हणजे मावशींना कदाचित आजही पावणेबारा ग्रॅमच्या आसपास वाटत असेल, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा दहा ग्रॅम धरतो. जुन्या आणि नव्या किमती ताडून बघताना हा गोंधळ नेहमी होतो, तेवढं सांभाळा.

आता हिशेब. एकदा नीट बघून घेतलास की दुकानात विचारायचा धीर आपोआप येईल.

ग्रॅमचा भाव विचारून तुलना करू नकोस. एकाच मापाची, एकाच जाडीची अंगठी वेगवेगळ्या धातूत केली तर तिचं वजन वेगवेगळं भरतं. त्याची अंगठी तीन मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटरहून थोडी जाड धरली, तर अठरा कॅरेटमध्ये ती साधारण ४ ग्रॅमची होईल. तीच बावीसमध्ये ४.६ ग्रॅमच्या आसपास, चौदामध्ये साडेतीनच्या आत, प्लॅटिनममध्ये सव्वापाचच्या पुढे, आणि टायटॅनियममध्ये जेमतेम सव्वा ग्रॅमची. सोनं जड आहे, त्यातली तांबं-चांदी हलकी. म्हणून कॅरेट चढलं की दोन गोष्टी एकदम चढतात, ग्रॅमचा भावही आणि ग्रॅमही.

हिशेब सोपा जावा म्हणून चोवीस कॅरेटचा भाव तोळ्याला १ लाख रुपये धरू. तुम्ही जाल त्या दिवशीचा भाव वेगळा असेल, तो घालून पुन्हा मांड. चोवीसचा ग्रॅम १०,००० रुपये, तर अठराचा ७,५०० आणि बावीसचा ९,१६०. अठराची ४ ग्रॅमची अंगठी म्हणजे ३०,००० रुपयांचं सोनं. बावीसची ४.६ ग्रॅमची म्हणजे ४२,१३६ रुपयांचं. बघताना दोन्ही सारख्याच दिसतात, पण सोन्यातच बारा हजारांचा फरक पडतो. घडणावळ, म्हणजे मेकिंग, १२ टक्के धरली तर अठरावर ३,६०० रुपये, बेरीज ३३,६००. त्यावर ३ टक्के जीएसटी, १,००८ रुपये. हॉलमार्किंगचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर, मिळून ५३ रुपये. एकूण ३४,६६१ रुपये. तुझी अंगठी बारीक असेल, ३ ग्रॅमची धरली तर याच पद्धतीने २६,००९ रुपये. दोन्ही मिळून साठ हजार सहाशे सत्तर. बावीसमध्ये याच दोन अंगठ्या पंच्याऐंशी हजारांच्या घरात जातात. म्हणजे या भावाला अठरा तुमच्या सत्तर हजारांत बसतं, बावीस बसत नाही. तुमच्या दिवशीचा भाव खूपच वर असेल तर अंगठीची रुंदी अर्धा मिलिमीटर कमी कर, जाडीला हात लावू नकोस. पातळ अंगठी वाकते आणि लवकर झिजते.

दुकानात अठराचा भाव विचारशील तेव्हा एवढं बघ, की तो चोवीसच्या भावाचा पाऊण आहे का. काही ठिकाणी तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास लावतात. कारण विचारलं तर मिसळीचा खर्च सांगतात. तांब्याचांदीच्या मिसळीला एवढा खर्च येत नाही.

आता प्लॅटिनम. २००८ साली ते सोन्याच्या दुपटीच्या आसपास भावाने विकलं जात होतं. २०१५ पासून सोनं त्याच्या वर गेलं. त्यामुळे मित्रांच्या बोलण्याला आधार आहे. पण वजनाचं विसरून चालत नाही. त्यांचंच खरं मानू आणि भाव सोन्याच्या बरोबर निम्मा, ग्रॅमला ५,००० रुपये धरू. तीच अंगठी ५.३ ग्रॅमची होईल. प्लॅटिनमचे दागिने ९५० शुद्धतेचे असतात, म्हणजे शंभरातले पंच्याण्णव भाग शुद्ध, तेव्हा धातूचे झाले २५,१७५ रुपये. घडणावळ सोन्यापेक्षा जास्त असते, इथे २५ टक्के धरली तर ६,२९४. कर धरून बेरीज ३२,४०० च्या पुढे जाते. म्हणजे निम्म्या भावाचा धातू शेवटी दोन हजार रुपयांनी स्वस्त पडला.

घडणावळ जास्त का, याला कारण आहे. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला. वडिलांच्या शेगडीत आणि मुशीत ते कधी वितळलंच नसतं. त्याला वेगळी ज्योत लागते, वेगळी मूस लागते आणि वेगळा कारागीर लागतो. उद्या माप बदलायचं झालं तर वसईचा सोनार बहुतेक हात जोडेल आणि अंगठी मुंबईला पाठवावी लागेल. मोडायला गेलीस तर गिऱ्हाईक कमी, म्हणून घेतलेल्या दुकानात परत घेण्याच्या अटी काय आहेत ते आधीच कागदावर लिहून घ्यावं लागतं. एक मात्र मोकळेपणाने सांगते. तुझ्या एकटीच्या कामाचा विचार केला तर प्लॅटिनम उत्तम आहे. क्लोरीन त्याला काही करत नाही, मुलामा नाही, ओरखडा पडला तरी धातू उडून जात नाही, नुसता बाजूला सरकतो. तुला तो राखाडी-पांढरा रंग मनापासून आवडत असेल तर घे. तो स्वस्त आहे म्हणून मात्र घेऊ नकोस.

आता ते १४ आणि ४ टक्के. मेकिंग म्हणजे घडणावळ, कारागिराची मजुरी आणि दुकानाचा नफा. वेस्टेज म्हणजे घट. कापताना, घासताना, उजळताना सोन्याचा जो बारीक चुरा उडतो त्याचे पैसे. जुन्या काळी ही घट खरी होती. सराफकट्ट्याच्या गटारातला गाळ आणि पेढीसमोरची धूळ चाळून झारेकऱ्यांची कुटुंबं जगायची, इतकं सोनं त्या धुळीत जायचं. पण साधी गोल अंगठी आज बहुतेक यंत्रावर होते. सोन्याच्या नळीचे चकत्यांसारखे तुकडे कापतात आणि त्यांना कातून आकार देतात. चुरा सगळा गोळा होऊन परत भट्टीत जातो. अशा अंगठीवर घडणावळीखेरीज वेगळी घट कशाची, हा प्रश्न अगदी रास्त आहे. भांडायचं नाही, शांतपणे विचारायचं. "घट आणि घडणावळ मिळून या अंगठीवर किती रुपये?" टक्के नको, रुपये. तुझ्या अंदाजपत्रकातली अंगठी बावीसची असेल तर आपल्या हिशेबात ते ७,५८४ रुपये होतात. सोन्याचा भाव निम्मा होता तेव्हा याच टक्क्यांनी त्याच अंगठीचे ३,७९२ झाले असते. मेहनत तेवढीच, वेळ तेवढाच. भाव चढला म्हणून मजुरी दुप्पट का व्हावी? म्हणून ग्रॅममागे किंवा नगामागे ठरलेली मजुरी मागायची. साध्या अंगठीवर घासाघीस करायला सगळ्यात जास्त जागा असते, आणि लोक सगळ्यात कमी घासाघीस तिथेच करतात.

वजन कमी दाखवून स्वस्त म्हणून विकायच्या अंगठ्याही असतात, आतून कोरलेल्या किंवा पोकळ. बाहेरून भरीव दिसतात, पण आतल्या बाजूला बोट फिरवलं की खळगा लागतो. अशी अंगठी दाराच्या कडीत चेपते आणि तिचं माप बदलता येत नाही. भरीवच माग, आतली कड गोलसर केलेली. हातमोजा चढवताना फरक कळेल.

हॉलमार्कचं तुला थोडंफार माहीत असेल. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा बघ: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी शिक्का, शुद्धता (अठराला ७५०, बावीसला ९१६) आणि तो क्रमांक. दुकानातच भिंग माग, ते ठेवतात. मग फोनवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये क्रमांक घाल. वस्तू कुठली, शुद्धता किती, कुठल्या केंद्रात तपासली, हे सगळं येतं. ॲप कानातलं म्हणत असेल आणि तुझ्या हातात अंगठी असेल, तर तिथेच थांब. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना ही सक्ती नाही, म्हणून तुझी अंगठी फार बारीक करू नकोस. केलीसच तर कॅरेट बिलावर लिहून घे. बिलावर वजन, कॅरेट, त्या दिवशीचा भाव, घडणावळ आणि हॉलमार्किंगचे पैसे वेगवेगळे हवेत. केडीएम असं कुणी सांगितलं तर त्याने भुलू नकोस. तो कॅडमियमचा डाक, शुद्धतेची खूण नव्हे, आणि त्याची वाफ कारागिराच्या फुफ्फुसांना घातक आहे.

चर्चचं विचारलं नाहीस, पण मावशी काढतील म्हणून सांगते. फादर अंगठ्यांना आशीर्वाद देतात, तिथे धातूची कुठलीच अट नाही. चांदीच्या असत्या तरी विधी तोच.

आता पाटली.

दुकानात नेऊन बदलून घेतलीस तर काय होईल ते आधी बघ. ते यंत्रावर कस तपासतील किंवा वितळवून बघतील. जुन्या पाटलीत डाक असतो, कधी आत लाख भरलेली असते. लोक सगळं सोनं बावीसचं धरून चालतात, आणि ते वीस किंवा त्याहून कमी निघालं की मन खट्टू होतं. जेवढं शुद्ध सोनं निघेल त्याचे पैसे तुझ्या बिलातून वजा होतील. व्यवहार सरळ आहे, नव्या अंगठीवर हॉलमार्क असेल. पण आजीचं सोनं शुद्धीकरणाच्या कारखान्यात जाईल आणि तुझ्या बोटात कुणाचं तरी दुसरंच सोनं येईल. याने तुला काही वाटणार नसेल तर हा मार्ग सोपा आहे.

तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तुला वाटेल. मग दुसरा मार्ग धर. तुमच्या घरचा, आईने वर्षानुवर्षं काम दिलेला सोनार असेल, तर पाटली घेऊन आई आणि तू, दोघी त्याच्याकडे जा. आधी वजन करा. तुमच्या समोर वितळवून गोळी करू दे, पुन्हा वजन करा, कस तपासून घ्या. समजा ती वीस कॅरेटची निघाली. तुमच्या दोन अंगठ्या अठरामध्ये मिळून ७ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं सव्वापाच ग्रॅम. म्हणजे वीस कॅरेटच्या गोळीतलं ६.३ ग्रॅम सोनं पुरतं, वर पाऊण ग्रॅमच्या आत-बाहेर तांबं-चांदीची मिसळ. वितळवताना थोडी घट धरली तरी अकरातलं चार-साडेचार ग्रॅम उरतं. एकाच मुशीतून दोघांच्या अंगठ्या निघतात. फक्त मजुरी द्यायची, आणि सत्तर हजारांतले बरेचसे तुमच्या घराला लागतील.

यात एक अडचण आहे, तीही सांगते. हॉलमार्क नोंदणीकृत सराफालाच करून घेता येतो, आणि वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या सोनाराला त्याची सक्ती नाही. तुमचा सोनार नोंदणीकृत नसेल तर अंगठीवर एचयूआयडी नसेल. पण तयार अंगठी तू स्वतः मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात नेऊन कस तपासून घेऊ शकतेस, चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये लागतात. सोनाराला आधीच तसं सांगून ठेव. चांगला कारागीर रागावत नाही.

तुला मोडवत नाही, हे मला समजतं. पण वडिलांच्या मुशीत मी लहानपणी जे जे वितळताना पाहिलं, ते जवळजवळ सगळं कुणाच्या तरी आजीचं होतं. आजीची पाटलीसुद्धा बहुधा तिच्या आईच्या कशातून तरी झाली असेल. आपल्याकडे सोनं असंच पुढे येतं. आणि एक गोष्ट विचार. ती पाटली आज कोण घालतं? आई घालत असेल तर मोडू नकोस, तिला घालू दे, आणि अंगठ्या विकत घे, वरच्या हिशेबात त्या बसतात. कपाटात पडून असेल तर ती रोज तुमच्या हातावर असलेली बरी. उरलेल्या साडेचार ग्रॅमचं आईसाठी काहीतरी कर, साखळीतला छोटा क्रूस किंवा नुसतं एक वेढं. म्हणजे पाटली दिली आणि हात रिकामा झाला असं तिला वाटणार नाही.

वेळेचं गणित एवढंच. दसरा-दिवाळीला सोनाराला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून गणपती झाले की त्याला गाठ. माप घ्यायला रात्रपाळी करून थेट जाऊ नकोस, उभं राहून बोटं सुजलेली असतात. सकाळच्या गारव्यातही नको, तेव्हा ती बारीक होतात. दुपारी, पोटभर जेवून, निवांत असताना जा, आणि दोन वेगळ्या दिवशी माप घे. आत नाव-तारीख कोरायची असेल तर सोनाराला एक जागा कोरी सोडायला सांग. पुढे माप बदलताना तो तिथेच कापेल आणि अक्षरं वाचतील.

आणि पाटली वितळवायचं ठरलंच, तर आदल्या दिवशी ती आईच्या हातात घालून फोटो काढ. नुसत्या हाताचा नको, आईचा चेहराही येऊ दे.

तुझी,
ताई